मापाबाहेरचे पाणी

५ मार्च, गुरुवार

रोजचे लिहून ठेवा, असे डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, म्हणून ही वही. दोनशे पानी, खोडाळ्याच्या बाजारातून घेतली. समास पट्टीने आखला आहे.

होळी करून आज बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन परत मुंबईला आलो. सूर्यमाळहून जीप, मोखाड्याहून ठाण्याची एस.टी., पुढे रिक्षा. बाची दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली आहेत. (हा शब्द केंद्राच्या कागदावरून पाहून लिहिला. आधी मी ‘मु’ ऱ्हस्व काढत होतो.) गेल्या महिन्यात त्याच्या मानेत नळी घातली आणि डाव्या हाताची नस जोडली. ती नस फुगून तयार व्हायला सहा आठवडे लागतात. तोपर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी गिरगावच्या केंद्रात मशीनवर रक्त धुवायचे. नस तयार झाली की घराजवळ सोय बघू, असे डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत बाला सांभाळायचे आहे. रोपांसाठी शेतात राब भाजायच्या आत त्याला घरी आणतो, असे आईला सांगून निघालो.

नियम: दिवसाला सातशे मिलीलिटर. पाणी, चहा, दूध, सरबत सगळे मिळून. मीठ कमी. जेवण साधे, घरचे. बाला लघवी होत नाही, त्यामुळे जादा पाणी अंगातच राहते आणि शेवटी फुप्फुसात शिरते. हे सिस्टरांनी तीनदा सांगितले. मी आश्रमशाळेत नववीपर्यंतच शिकलो, पण खोडाळ्याला धान्याच्या दुकानात चार वर्षे काट्यावर आहे. मापात माझी चूक होत नाही.

सकू आत्याकडे उतरलो आहोत, आरे कॉलनीतल्या पाड्यावर. ती बाची धाकटी बहीण. आईने नागलीचे दहा किलो पीठ दिले आहे. आत्याने पिशवीत हात घातला, पिठाचा वास घेतला आणि रडायलाच लागली.

पाणी: ६५० मिली. जेवण: भाकरी, वांग्याची भाजी, आंबील एक वाडगा.

६ मार्च, शुक्रवार

आरेहून गिरगावपर्यंत जमिनीखालून मेट्रो आहे. सरकत्या जिन्यावर बा पाय टाकेना. मागे माणसे साचली. एक बाई म्हणाली, “अंकल, लिफ्ट से जाओ ना.” मी बाला काखेत धरून उतरवले.

तपासणीत माझी बाटली अडवली. मी तिच्यावर पन्नास-पन्नासच्या रेघा मारल्या आहेत. शिपाई म्हणाला, “ये क्या है भाई, दारू नापते हो क्या?” मागची माणसे हसली. मी त्याला डॉक्टरांचा कागद दाखवला. त्याने तो न वाचताच परत दिला.

गाडीत गार हवा असते. कोणी कोणाशी बोलत नाही. बा खिडकीतून काळोख बघत होता.

“मंग्या, आता वर काय हाय?”

“नाव धारावी दाखवतात.”

“मानसं राहतात वर?”

“राहतात ना.”

थोड्या वेळाने म्हणाला, “एवढं खोल खनलं, पानी लागलं असंल ना रं?”

मला माहीत नव्हते. गिरगावला उतरल्यावर तिथल्या कामगाराला विचारले. तो म्हणाला, लागतं की, पंप लावून बाहेर फेकतात. बाला सांगितले. आमच्या पाड्यावरची विहीर बा आणि माघ्याकाकाने मिळून साठ फूट खणली होती. खाली कातळ लागला. बा म्हणाला, “फेकतात,” आणि पुढे चालू लागला.

मशीनने आज अडीच लिटर काढले. ते कुठे जाते, असे बाने सिस्टरांना विचारले. सिस्टर म्हणाल्या, “गटारात, काका. अजून कुठं जाणार?”

पाणी: ७०० मिली (चहा ८० धरून). जेवण: सकाळी आंबील एक वाडगा, दुपारी केंद्रावर भाकरी, संध्याकाळी आंबील एक वाडगा.

१० मार्च, मंगळवार

वजनात तीन किलो शंभर ग्रॅम वाढ. कोरडे वजन सेहेचाळीस, म्हणजे मशीनवरून उतरताना तेवढे भरले पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, दोनच्या वर वाढ नको. मी वही दाखवली. समासातले आकडे बघून त्या म्हणाल्या, “लिहिता छान. पण बाटली भरून तुम्ही बाजूला बसलात की ते काय करतात, ते कुठं लिहिलंय?”

परत येताना हा एकच विचार डोक्यात होता.

उन्हामुळे बाला भाकरी गिळवत नाही. तोंड कोरडे पडते, घास फिरतो. आत्या आता दुपारीही आंबीलच देते. सूर्यमाळला उन्हाळ्यात आमचे दुपारचे जेवण तेच असते. ती पातळ असते, गार असते, पटकन उतरते. बा तीन वाडगे जेवला याचे बरे वाटले.

पाणी: ६५० मिली.

१३ मार्च, शुक्रवार

बाच्या शेजारच्या मशीनवर पंढरीकाका असतात. गिरगावातलेच, पूर्वी छापखान्यात होते. सहा वर्षे मशीनवर आहेत. आज ते म्हणाले, “जिवाभाऊ, मशीनवरून उतरलं की भूक लागते की नाही? चला, आज हाटेल.”

केंद्रासमोर उडप्याचे हॉटेल आहे. बा आतापर्यंत मोखाड्याच्या स्टँडवर भजी खाण्यापलीकडे हॉटेलात गेला नव्हता. चपला बाहेर काढू लागला. काकांनी आत ओढले.

बसल्या बसल्या वेटरने तीन ग्लास पाणी ठेवले. मी दोन ग्लास उचलून रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवले. वेटरने ते परत आणून ठेवले. मी परत उचलले.

“क्या हुआ? साफ पानी है.”

“त्याला बोलू नकोस,” काका म्हणाले, “हा पाणीखात्याचा मोठा साहेब आहे. याचा बापसुद्धा अर्ज करून पितो.”

बा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मलाही थोडे हसू आले, पण लक्ष ग्लासांवर होते. पलीकडच्या टेबलावरचे चौघे उठून गेले तेव्हा त्यांच्या ग्लासांत अर्धे-अर्धे पाणी तसेच होते. पोऱ्याने ते बादलीत ओतले. बा त्या बादलीकडे बघत राहिला.

बाने इडली घेतली. सांबार वेटर न मागता वाढतो. बाला आवडले, तीन वाट्या झाले. काका सांबार घेत नाहीत, इडली सुक्या चटणीशी खातात. त्यांना आवडत नसावे.

पाणी: ६०० मिली. जेवण: आंबील दोन वाडगे, इडली चार, सांबार तीन वाट्या.

१७ मार्च, मंगळवार

वाढ तीन किलो नऊशे. बाच्या पायावर बोट दाबले की खड्डा राहतो.

सिस्टर सगळ्यांसमोर बाला बोलल्या. “काका, चोरून पिता ना? पेशंट पितात, मला माहीत आहे. आंघोळीला, संडासात, चूळ भरायच्या निमित्तानं. मी रागावत नाही, पण खरं सांगा.”

बा म्हणाला, “नाय पीत, बाई.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. माझे माप बरोबर आहे. मग हे चार किलो कुठून आले?

१८ मार्च, बुधवार

आत्याच्या घरचे दोन्ही हंडे पलंगाखाली सारून पुढे पत्र्याची पेटी लावली. नळावर जाताना बाबरोबर जातो. चूळ भरली की थुंकलेले पाणी बघतो. हे लिहायला लाज वाटते, पण सगळे लिहायचे असे ठरवले आहे.

आत्या म्हणाली, “कैदी हाय का तो?”

मी म्हणालो, “आत्या, त्याच्या जिवासाठीच करतो.”

“मग जेवन तरी पोटभर घालू दे मला. पानी नाय, मीठ नाय, सुकं गिळवत नाय. माझा भाऊस हाय तो.”

जेवणाला मी कधीच नाही म्हटलेले नाही.

पाणी: ५०० मिली. जेवण: आंबील चार वाडगे.

२० मार्च, शुक्रवार

वाढ तीन किलो सहाशे. पाणी पाचशेवर आणूनही.

आरे स्टेशनवर बा संडासात गेला. मी दाराबाहेर उभा राहून नळाचा आवाज ऐकत होतो. आवाज आला. मी दार ढकलले. बा हात धूत होता. आत आणखी दोघे होते, कामावर जाणारे, गळ्यात ओळखपत्रे. मी बाचे तोंड उघडून पाहिले, आतून ओले आहे का. त्यातला एक म्हणाला, “क्या कर रहा है बे बुड्ढे के साथ?” बाने त्याला सांगितले, “मेरा लडका है. अच्छा है.”

गाडीत बा माझ्या शेजारी बसला नाही. समोरच्या बाकावर बसला.

२४ मार्च, मंगळवार

वाढ चार किलो चारशे. मशीनला साडेतीनच काढता आले, नंतर रक्तदाब पडला. बाच्या पायांत गोळे आले आणि तो ओरडला.

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “असं चाललं तर नस तयार व्हायच्या आत हे जातील. समजतंय ना? जेवण कसं आहे?”

“घरचंच. नागली.”

“नागली चांगली. पाणी आवरा.”

संध्याकाळी मी बाला स्पष्ट विचारले. आत्या चुलीपाशी होती.

“बा, तू कुठं पितोस ते सांग. मी ओरडणार नाही.”

“नाय पीत.”

“मग वजन कुठून येतं? हवेतून?”

“तू मला चोर बोलतोस, मंग्या?”

बा उठला, भिंतीला धरून कोपऱ्यात गेला आणि आईने दिलेल्या नागलीच्या पिठात मनगटापर्यंत हात घातला. “कनसरीची आन. तुझ्या मापाबाहेर एक थेंब नाय पेलो.”

कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. तिची शपथ आमच्यात खोटी घेत नाहीत. हात पिठाने भरलेला तसाच धरून बा माझ्याकडे बघत राहिला. आत्याने तो पुसला.

मी काट्यावर बसणारा माणूस आहे. काटा एका बाजूला आणि शपथ दुसऱ्या बाजूला. बा कणसरीची खोटी शपथ घेण्यापर्यंत आला. तहान माणसाला कुठे नेते.

२५ मार्च, बुधवार

आजपासून तीनशे मिली. माझे मी ठरवले.

बा बोलत नाही. आंबील मात्र मागून घेतो, पाच वाडगे झाले. उपाशी नाही एवढे तरी समाधान.

२७ मार्च, शुक्रवार

वाढ चार किलो दोनशे, मागचे राहिलेले वेगळे. डॉक्टर बाईंनी छातीला नळी लावून ऐकले आणि मला विचारले, झोपताना उशा किती लागतात. तीन, असे सांगितले. त्या म्हणाल्या, पाणी आवरले नाही तर सोमवारीच आणा, जादा पाळी देऊ.

पंढरीकाका बाहेर पडताना बाला म्हणाले, “जिवाभाऊ, बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचा. अर्धा तास निघतो.” मी म्हणालो, “काका, बर्फही पाणीच.” ते म्हणाले, “बाळा, तू कधी तहानला आहेस का?”

मी सूर्यमाळचा. एप्रिलमध्ये आमच्या बाया एका हंड्यासाठी दोन तास बसतात. मी कधी तहानलो, असे मला विचारतात.

३० मार्च, सोमवार

बा बसूनच असतो. पाठीशी आत्याची गोधडी. एका दमात तीन शब्दांपुढे जात नाही. मी विचारले, आज जायचे का जादा पाळीला. तो म्हणाला, “जिना... नको. उद्या जाऊ.”

मी वही पाहिली. शनिवारी तीनशे, रविवारी अडीचशे, आज अडीचशे. चोरायला आता त्याच्यात ताकदही नाही. माप बरोबर होते, म्हणून गेलो नाही.

मोबाईलवर आईशी बोलणे झाले. माघ्याकाकाने आमच्या राबाला शेण आणि पाला टाकून ठेवला आहे, भाजायचा राहिला आहे. बाने ऐकले. म्हणाला, “वारा... बघून... लाव म्हनावं.”

पाणी: २५० मिली. जेवण: आंबील पाच वाडगे.

३१ मार्च, मंगळवार

पाणी: ० मिली. जेवण: सकाळी आंबील दोन वाडगे.

४ एप्रिल, शनिवार. सूर्यमाळ

परवाचे, म्हणजे मंगळवारचे, लिहायचे राहिले होते. परवा नाही, चार दिवस झाले.

सकाळी बाने पाणी मागितले. पाहिजे तर जेव, पाणी मशीनवर गेल्यावर देतो, असे मी म्हणालो. एक दिवस शून्य ठेवून काट्यावर काय दिसते ते बघायचे होते. आत्याने दोन वाडगे आंबील दिली.

मेट्रोत एका मुलीने उठून बाला जागा दिली. सांताक्रूझ गेल्यावर बाच्या छातीतून आवाज येऊ लागला, हुक्क्यासारखा. ओठ निळे झाले. त्या मुलीने स्वतःची बाटली काढली, झाकण उघडून बापुढे धरली. “काका, पानी पियो.” बाने हात पुढे केला. मी मध्ये हात घातला. बाटली कलंडली आणि पाणी डब्यात सांडले. लोक पाय वर घेऊन बसले. मुलगी म्हणाली, “कैसे आदमी हो?”

बा सांडलेल्या पाण्याकडे बघत होता. ते गाडीबरोबर इकडून तिकडे जात होते. तो म्हणाला, “मंग्या, छातीत... पानी आलंय रं.” त्यानंतर तो बोलला नाही.

गिरगावला खुर्ची आणली. मशीन लावायच्या आधीच, दहा वाजून वीस मिनिटांनी.

डॉक्टर बाईंनी विचारले, किती पीत होते. मी वही दिली. त्या उभ्यानेच वाचू लागल्या. आधी समास. मग त्यांचे बोट उजवीकडे गेले आणि तिथेच खालपर्यंत उतरत गेले. दोन-तीन पाने झाली.

“आंबील म्हणजे काय?”

मी सांगितले. नागलीचे पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवायचे, दुसऱ्या दिवशी आधणात सोडून ढवळायचे, निवले की खायचे.

“एका वाडग्याला पीठ किती?”

“एक मूठ.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “तुमचं अक्षर चांगलं आहे,” असे म्हणाल्या आणि आत गेल्या.

७ एप्रिल, मंगळवार

आज आईने आंबील केली. माझा वाडगा भरला, तेव्हा मी रेघांची बाटली आणली. वाडगा आधी रिकामा केला, मग त्यात बाटलीने पाणी भरले. चारशे मिली. एक मूठ पीठ काट्यावर घातले. चाळीस ग्रॅम. बाकीचे तीनशे साठ पाणी.

मग वही उघडली आणि शिसपेन्सिलीने समासातल्या आकड्यांपुढे लिहीत गेलो.

१८ मार्च: ५०० नव्हे, १९४०.
२५ मार्च: ३०० नव्हे, २१००.
३० मार्च: २५० नव्हे, २०५०.
३१ मार्च: ० नव्हे, ७२०.

मी पाणी जितके कमी केले तितके वाडगे वाढले. माझ्याच अक्षरात आहे, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. रोज मीच लिहिले आणि रोज मला दिसले नाही. आंबील आम्ही जेवतो. तिला पाणी कोण म्हणेल?

बाने खोटी शपथ घेतली नव्हती. २४ तारखेच्या पानावर मी जे लिहिले ते खोडायला पेन्सिल टेकवली, पण खोडले नाही.

११ एप्रिल, शनिवार

आज बाचे दिवस घातले. आत्या कालच आरेहून आली. माघ्याकाकाने सकाळी आमचा राब भाजला, वारा बघून. धूर पाड्यावर उतरला होता.

पान वाढल्यावर आईने मला विचारले. इतके दिवस तिने विचारले नव्हते. आज सगळ्यांसमोर विचारले.

“जाताना तोंडात पानी घातलंस ना रं त्याच्या?”

आमच्यात मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. घरच्याच माणसाने घालायचे असते. शेजारच्या गोजाबाई, माघ्याकाका, सगळे माझ्याकडे बघत होते. मला खोटे बोलता येत नाही.

“नाही,” मी म्हणालो.

आईने डोळ्यांना पदर लावला. धुरामुळे गोजाबाई खोकत होत्या.

तेव्हा आत्या पुढे झाली. तिच्या हातात पानावर ठेवायचा वाडगा होता, काठोकाठ भरलेला. “वयनी, रडू नको. सकाळी दोन वाडगे आंबील घालून धाडलंता मी त्याला. माझ्या हातची. मंग्या, सांग की आयसला. तू लिवलंयस ना वहीत?”

“लिहिलंय.”

“बघ. कोरडा नाय गेला माझा भाऊस.”

आईने मान हलवली. आत्याने वाडगा पानावर ठेवला, थोडी आंबील सांडली ती बोटाने निपटून परत आत घातली.

आत्याला वाचता येत नाही. आईलाही नाही. वही मी बाच्या कागदांबरोबर पेटीत ठेवणार आहे. वर हे आजचे एवढे लिहिले की झाले.